हडंबा बंद ठेवलेली सकाळ

परवा बाबांचा फोन आला तेव्हा ते शेतातच होते. म्हणाले, "आज हडंबा लावला आपल्याकडे. ऐकू येऊन राह्यला का तुले?" मला काहीच ऐकू येत नव्हतं. आताच्या फोनात माणसाचा आवाज ठेवून मागचा गोंगाट पुसून टाकायची सोय असते. ती इतकी चोख काम करते की ट्रॅक्टरवर चालणारं, अख्खं शिवार हादरवणारं ते मळणीयंत्र बाबांच्या पाठीमागून साफ गायब झालं होतं. उरले होते फक्त बाबा, बंद खोलीत बसून बोलल्यासारखे. मी म्हटलं, "नाही येत, बाबा." ते जरा हिरमुसले. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी फोन हातात धरून उभी राहिले आणि मला माझ्या हंगामाची तारीख कळली.

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाहून जीपनं थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. दसऱ्याच्या आगेमागे तिथला हिरवा रंग उतरतो. सोयाबीनची पानं गळून जातात आणि काड्यांवर नुसत्या शेंगा उरतात, करड्या, केसाळ, हाताला टोचणाऱ्या. सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलेल्या बाया बोटांना जुन्या पायमोज्यांचे तुकडे बांधतात. कापलेल्या पिकाचे ढीग, आमच्याकडे त्यांना सुड्या म्हणतात, शेताशेतात उभे राहतात आणि त्यांच्यावर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या चढतात. मग हडंबा येतो. तो सुरू झाला की बोलणं संपतं आणि हातवारे सुरू होतात. कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ भुवयांवर बसते, चहाच्या कपात बसते, दसऱ्याच्या झेंडूवर बसते. अंगाला अशी खाज सुटते की दोनदा आंघोळ करूनही जात नाही. लहानपणी मला ही खाज आवडायची, कारण तिच्या मागोमाग दिवाळीची सुट्टी यायची. आता नुसत्या आठवणीनंही मानेवर खाजतं आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट अंगावर येते. ती लाज आहे. मी तिचं नाव सरळ घेते, कारण तिला "हुरहूर" वगैरे म्हटलं की ती उगाच गोड वाटायला लागते.

माझं काम समजावून सांगायला फार अवघड आहे, असं मी बरीच वर्षं ऐटीत सांगत आले. खरं तर तसं काही नाही. हवेत एकाच वेळी असंख्य लहरी फिरत असतात. कुणाचं बोलणं, कुणाचं गाणं, कुणाला रस्ता दाखवणारा नकाशा. फोनला त्यातली आपल्या कामाची पट्टी तेवढी आत घ्यायची असते, बाकीच्या बाहेर ठेवायच्या असतात. ही निवड फिल्टर करतो. हडंब्यात सोयाबीनची जाळी वेगळी, तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. पीक बदललं की जाळी बदलायची. फोनमध्येही प्रत्येक पट्टीला वेगळा फिल्टर असतो, आणि पट्ट्या वाढत चालल्यामुळे आत त्यांची नुसती दाटी झाली आहे. आमचा गट बनवत होता ती एकच जाळी होती, जिची भोकं हुकूम दिल्यावर लहानमोठी व्हावीत. व्होल्टेज वाढवलं की फिल्टर वरच्या पट्टीवर सरकणार, कमी केलं की खालच्या. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

टेबलावर मात्र असा सरकणारा फिल्टर हट्टी निघतो. जितका लांब सरकवाल तितका तो ढिला पडतो. शिवाय कुठलाही फिल्टर ज्याला आत सोडतो त्याच्याकडूनही थोडं काढून घेतोच. याला आमच्या धंद्यात तोटा म्हणतात आणि तो शून्य कधीच होत नाही. वाट दिली की काहीतरी कापलं जाणारच, एवढं गृहीत धरून आम्ही कामाला लागतो. हे मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा फळ्याकडे तोंड करून शिकवते. समोर बघितलं तर ही आपल्या घराबद्दल बोलतेय, असं चेहऱ्यावर दिसेल की काय, अशी भीती वाटते.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ऑफिसानं मला घरून काम करायची मुभा दिली होती. मी फिल्टरचा बोर्ड, त्याला सिग्नल देणारं एक छोटं यंत्र आणि लहरींचा आलेख दाखवणारं दुसरं यंत्र, असं सगळं दोन खोक्यांत भरून गावी नेलं. आमचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून. वरच्या खोलीत बाबांनी धान्याच्या कोठ्या सरकवून मला टेबल मांडून दिलं. खिडकीतून आमचं शेत दिसायचं, पलीकडे धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यापलीकडे कुसुममावशीचं वावर.

कुसुममावशीचं घर विहाराच्या मागच्या आळीत. तिचा नवरा वाशिमला एका गोदामावर चौकीदार आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. शेती तीच बघते. दोन एकराचा तुकडा, पण त्यात तिचं एक नाव होतं. गावातल्या बायका पेरणीच्या आधी तिच्याकडे बियाणं मागायला यायच्या. दुकानातल्या पिशव्यांवर त्यांचा भरवसा नव्हता आणि तिच्या सोयाबीनवर होता. बियाण्याचं सोयाबीन काढायची तिची रीत ठरलेली. हडंबा मंद फिरवायचा, नाहीतर दाण्याला तडा जातो आणि तडकलेला दाणा उगवत नाही. मंद फिरवायचं म्हणजे यंत्रवाल्याचा वेळ जातो, म्हणून गजानन हडंबेवाला तिला हंगामात एखादी सकाळ तेवढी द्यायचा. ती हुकली की तो पुढच्या गावाला गेलेला असायचा.

त्या सकाळी हडंबा तिच्या वावरात उभा होता, मंद आवाजात, आणि वर मी माझ्या पडद्यासमोर डोकं धरून बसले होते. आलेखावर मधोमध एकच उंच सुळका दिसायला हवा होता. माझ्या पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कान उगवले होते. सोमवारी ग्राहकापुढे आकडे मांडायचे होते. हे कान दिसले असते तर आमची रचना बाद होऊन दुसऱ्या गटाची पुढे गेली असती. ऑफिसच्या प्रयोगशाळेत हे कान नव्हते, इथे होते. म्हणजे दोष इथला, गावाचा. किती पटकन पोचले मी त्या निष्कर्षाला.

बाबा चहा घेऊन वर आले. "काय झालं वं? तोंड काहून असं?"

मी म्हटलं, "बाहेरचा गोंगाट येऊन राह्यला, बाबा. हडंब्याचा हादरा बसते टेबलाले. पंपाचे स्टार्टर बी असतीन."

"मंग बंद करू त्याईले. त्यात काय?"

मी "नको" म्हटलं नाही. मी म्हटलं, "थोडाच वेळ लागीन." पुष्कळदा वाटतं, नुसतं गप्प बसले असते तरी ते शब्द तोंडातून गेले नसते.

बाबा खाली उतरले. थोड्या वेळानं हडंब्याची घरघर खाली खाली येत थांबली. मग एकेक करून पंप थांबले. आमचा, कडूंचा, नाल्याकाठचा. सोंगणीच्या दिवसांत आमच्या शिवारात अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. कुठेतरी होला घुमत होता. ताडपत्रीचं टोक वाऱ्यानं फडफडत होतं. खिडकीतून दिसलं, गजानन ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता आणि कुसुममावशी दोन बायकांबरोबर तुरीच्या ओळीच्या सावलीला टेकली होती. तिनं वर बघून हात केला, मीही केला. आणि मला, खरं सांगते, भरून आलं. ज्या गावात मी बारावीला भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा "पोरीले कायले इतकं?" असं चारचौघांनी विचारलं होतं, ते गाव आज माझ्या कामासाठी गप्प बसलं होतं. तो अभिमान मला आजही अंगात जसाच्या तसा आठवतो. लाज वाटायला लागली ती नंतर, पण तिची मुळं त्या अभिमानातच आहेत.

कान तसेच होते. मी सुळका वरच्या पट्टीवर सरकवला, कानही त्याच्याबरोबर सरकले. खाली आणला, तेही खाली आले. बाहेरचा गोंगाट असा कुणाच्या मागे मागे फिरत नाही, तो आपल्या जागी उभा राहतो. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे सांगता येतं. माझ्या डोळ्यांसमोर ते घडत होतं आणि मी ते बघत नव्हते. आमच्या धंद्यातल्या माणसांची ही खास खोड आहे. आपला बोर्ड आपण रात्रंदिवस जपून बनवलेला असतो, त्यामुळे काही बिघडलं की संशय आधी भिंतीवर, शेजारच्या लिफ्टवर, रस्त्यावरच्या रिक्षावर. मी बाबांना खिडकीतून ओरडून सांगितलं, "अजून कुठंतरी चालू हाय काहीतरी!" बाबांनी मोटारसायकल काढली आणि लांबचे दोन पंपही बंद करून आले. हडंबा डिझेलवर चालतो, त्यात ठिणगीसुद्धा नसते, त्यानं माझ्या लहरींना त्रास व्हायचं काही कारण नाही, हेसुद्धा मला माहीत होतं. पण तो थांबलेलाच राहिला. तो पुन्हा सुरू करा असं मी म्हटलं नाही आणि मी म्हटल्याशिवाय कुणी करणार नव्हतं.

दुपार कलली तसा गजानन खिडकीखाली आला. "ताई, झालं काय तुमचं? मले रिसोडकडं जा लागते. तिकडची पाळी ठरेल हाय." मी म्हटलं, "अजून थोडा." तो डोकं खाजवत उभा राहिला, कुसुममावशीशी दोन शब्द बोलला आणि ट्रॅक्टर जोडून निघून गेला. सुडीचा अर्धाही भाग निघाला नव्हता. संध्याकाळी परतीचा पाऊस आला. मावशीनं आणि तिच्या मुलीनं, पौर्णिमेनं, ताडपत्री ओढली, कडेनं दगड लावले, पण वावर उताराचं, पाणी खालून शिरलं. आम्ही घरात बसून पत्र्यावरचा पाऊस ऐकत होतो. आईनं भजी तळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातच काय, आजूबाजूच्या सगळ्या गावांतही वीज नव्हती. तारा तुटल्या होत्या. पंप नाहीत, चक्की नाही, काही म्हणजे काही नाही. मी बॅटरीवर यंत्रं लावली, आता तर आलेख स्वच्छ दिसणारच म्हणून. दोन्ही कान होते तिथेच उभे होते. तेव्हा कुठे माझी नजर टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली. फिल्टरला सरकवणारं व्होल्टेज मी घरी एका स्वस्तातल्या छोट्या सर्किटमधून देत होते. ते व्होल्टेज थरथरत होतं, म्हणून फिल्टर थरथरत होता आणि त्या थरथरीचेच कान दिसत होते. मी एक रेझिस्टर आणि ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान एक कपॅसिटर जोडला. कान गेले. सगळ्या गावाला गप्प करून जे झालं नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं.

मी तशीच धुऱ्यावरून कुसुममावशीच्या वावरात गेले. चिखलात चपला रुतत होत्या. ती दाताळ्यानं सुडी उपसून ओल्या शेंगा पसरत होती. वास यायला लागला होता, उबट, आंबूस. मी सगळं सांगितलं. सर्किट वगैरे नाही, एवढंच, की मशीन बंद ठेवायची गरजच नव्हती, चूक माझ्या टेबलावर होती.

तिनं दाताळं थांबवलं नाही. म्हणाली, "आता जे झालं ते झालं. तुह्यं काम झालं ना?"

"झालं."

"मंग बस."

"मावशी, तू काल नाही काहून म्हटलं नाही? तुह्यं तं बियाणं होतं."

आता तिनं दाताळं टेकवलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. एखाद्या लहान पोरीला रस्ता सांगावा तशी ती बोलली. "भाऊ स्वतः आले होते सांगाले, तुह्ये बाबा. आमचा रस्ता तुमच्या धुऱ्यावरून हाय, पोरी. बैलबंडी कुठून नेऊ मी, आभायातून?" मग दाताळं पुन्हा उचलत, "आन हे तुह्या बाबाले नको सांगजो. त्याईले वाईट वाटीन."

मी मान डोलावली. त्या वर्षी तिचं सोयाबीन काळं पडलं. रिसोडच्या बाजारात व्यापाऱ्यानं मूठभर उचललं, वास घेतला आणि पुन्हा ढिगात टाकलं. दाण्याला कोंब आले होते, बियाण्याला ठेवायला काही उरलं नाही. पुढच्या पेरणीला कुसुममावशी पहिल्यांदा दुकानात पिशव्या घ्यायला उभी राहिली आणि तिच्या मागे, तिच्याकडून बियाणं नेणाऱ्या बायकाही. आमची रचना मात्र सोमवारी पास झाली. ऑफिसात पेढे मीच वाटले.

त्यानंतर दर हंगामात बाबा ती गोष्ट सांगत आले. लग्नात, पारावर, बँकेच्या ओळीत. "आमची पोरगी फोनचं काहीतरी बारीक काम करून राह्यली होती. अख्ख्या गावानं हडंबे बंद ठेवले तिच्यासाठी. पाऊस येऊन राह्यला होता, तरी कोणी हूं का चूं केलं नाही. आता तुमच्या खिशात जो फोन हाय ना, त्यात तिचं सामान हाय." दरवर्षी हडंबे वाढत गेले. खरा एकच होता. मी शेजारी बसून ताटातल्या भाताचे डोंगर करायची. कधी कधी कुसुममावशीही तिथे असायची, बायकांत, जरा मागे. ती पदर सारखा करायची आणि ऐकायची. आमची नजरानजर झाली की आधी मी नजर काढून घ्यायची.

पुण्यात लोक मला विचारतात, गावाकडचं बरं वाटतं ना, माणसं कशी एकमेकांसाठी उभी राहतात? मी हो म्हणते. धुऱ्याचं कसं सांगणार? आमच्या बाबांनी कुणाची वाट कधी अडवली नाही. आजोबांनीही नाही. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते आणि ती खरी आहे. पण अडवलं नाही असं तोच सांगू शकतो ज्याला अडवता येतं. मावशीच्या घरात ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगत असतील, याचा विचार मी वयाची तिशी ओलांडेपर्यंत केला नव्हता. इतकी वर्षं लहरींना वाट देण्या-न देण्याचं काम शिकले, त्यावर पगार घेतला, आणि खिडकीतून दिसणारा धुरा मला नुसता धुरा वाटत होता.

गेल्या दिवाळीत मला ते सहन झालं नाही. नवीन कृषी सहायक अंगणात चहाला आला होता आणि बाबांनी त्याला गोष्ट रंगवून सांगितली. तो गेल्यावर बाबा पोत्यांची तोंडं शिवत बसले, तेव्हा मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. चूक माझ्या टेबलावर होती हे सांगितलं, बियाण्याचं सांगितलं. बाबांच्या हातातला दाभण थांबला.

"मंग कुसुम मले 'नाही' काहून नाही म्हणाली?"

"रस्ता आपल्या धुऱ्यावरून हाय, बाबा."

"मी कधी अडवलं का त्याईले?"

"नाही अडवलं. पण तो रस्ता त्याईच्या हक्काचा म्हणून तलाठ्याकडं नोंदवून टाकू आपण. मंग कोणाले काही वाटाचं कारणच नाही."

बाबांनी दाभण पुन्हा पोत्यात खुपसला. पोतं शिवून झालं तसे उठून गेले. मला मात्र फार हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मला त्या दिवशी शांत झोप लागली.

नंतर बाबा कुसुममावशीशी बोलेनात. रागावले नव्हते ते. त्यांना तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. ती धुऱ्यावरून येताना दिसली की ते गोठ्यात शिरायचे. वावरात समोरासमोर आले तर खाली बसून उगाच गवत उपटायचे. माझी लाज आता त्यांच्याही अंगाला लागली होती. मला वाटलं, लागू दे, याच वाटेनं नोंदीपर्यंत पोचू आपण. पण मावशीला ती लाज दिसलीच नाही. तिला दिसलं ते एवढंच, की भाऊंनी तोंड फिरवलंय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारानं आली. मी भांडी विसळत होते.

"भाऊ बोलून नाही राह्यले मायासंग," ती म्हणाली. "पौर्णिमेचा बाप म्हणते, रस्त्याचं काही हाय काय? रब्बीचं खत न्या लागते, बंडी थांबून हाय. चार दिवसापासून त्यालेही झोप नाही आन मलेही नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू काही बोलली काय?"

माझ्या हातातून पाणी गळत होतं. मी हो म्हटलं.

"तुले मी सांगतलं होतं, पोरी."

एवढंच म्हणाली. पदर सावरला, चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि घरातून पुढे अंगणात गेली, जिथे बाबा खाटेवर बसले होते. मी तिच्या मागे गेले. बाबा उठायला लागले, पण ती समोरच उभी राहिली आणि मोठ्यानं, हसून बोलायला लागली.

"काय भाऊ, पोरीनं काहीतरी भरवलं म्हणे तुमच्या डोक्यात? तिले काय मालूम? ते तं वर खोलीत होती. गजाननले मीच म्हटलं, बंद ठेव बापा. आपल्या गावची पोर एवढं मोठं काम करून राह्यली, एक दिवस हडंबा नाही चालला तं काय झालं? आमी आपल्या खुशीनं थांबलो होतो."

"खुशीनं?" बाबांनी विचारलं.

"खुशीनं नाही तं काय?"

बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. इतक्या दिवसांनी ते तिच्याकडे नीट बघत होते. "मी तेच म्हणून राह्यलो," ते म्हणाले. "हे मले म्हणे, रस्त्याची नोंद करून द्या. म्हटलं आपण घरच्यासारखे लोक. आपल्यात नोंद कायले लागते?"

"कायलेच नाही," कुसुममावशी म्हणाली. तिची नजर माझ्यावर होती आणि ती नजर मला विनवत होती, आता तरी गप्प बस.

"नाही का वं, प्रणिता?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही, बाबा."